घड्याळवाल्या कंपनीचे ठोके

माझा मुलगा ज्ञानेश बोलताना समोरच्या माणसाकडे बघत नाही, मोबाइलकडे बघतो. त्यामुळे त्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता तो काय म्हणाला ते मला कळलं नाही. मी आपलं "हं" म्हणालो. "हं" हा फार गुणी शब्द आहे. गेली सात-आठ वर्षं मी त्याच्याच जिवावर काढली आहेत. मग यशोदा, म्हणजे आमची मंडळी, माझ्या पोह्यांवर लिंबू पिळायला वाकली आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "अवो, घड्याळवाल्या कंपनीची घंटा पुन्हा वाजणार हाय म्हणं."

मी चमचा खाली ठेवला. पुढचे पोहे मी खाल्ले की नाही, आठवत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मला ऐकू येत नाही. अगदी ठार बहिरा नाही. मागून ट्रक आला तर कळतं, कोणी दार आपटलं तर कळतं. पण माणसांचं बोलणं मी डोळ्यांनी ऐकतो. ओठ दिसले की काम भागतं. मिशीवाल्यांशी बोलताना अडचण होते, आणि हल्लीच्या दाढीवाल्या पोरांनी तर माझं जिणं अवघड केलं आहे. फोन वाजला की मी तो यशोदेच्या हातात देतो आणि सांगतो, मला फोनचा कंटाळा आहे. हे सगळं मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं, घरातसुद्धा नाही. आंधळ्याचा लोक हात धरतात, लंगड्याला बसायला जागा देतात आणि बहिऱ्याची नक्कल करतात. मी स्वतः तरुणपणी केलेली आहे.

आता घंटेचं. चिंचवडला जुन्या हमरस्त्यापासून जरा आत आमची कंपनी होती. पाटीवर तिचं इंग्रजी नाव होतं, ते फक्त पगाराच्या पाकिटावर दिसायचं. सगळे तिला घड्याळवाली कंपनी म्हणत, कारण गेटावर चार मजली दगडी मनोरा, त्याच्या चारही बाजूंना घड्याळ आणि वर घंटा. बाकीच्या कंपन्यांना भोंगा होता, आम्हाला ठोके होते. घंटा कंपनीपेक्षा पुष्कळ जुनी. तिच्या काठावर कोणालाच वाचता न येणारी अक्षरं होती. आमच्या भागात कुठेही जुनी घंटा दिसली की ती वसईच्या लढाईतून आणली असं सांगायची पद्धत आहे, त्याप्रमाणे हिचंही सांगत. माझा अंदाज असा, की शेठने ती मुंबईच्या गोदीतल्या भंगारात स्वस्तात पटवली असावी.

मी एक्याऐंशी साली तिथे प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे ठोकायच्या खात्यात, लागलो. चाकणच्या पलीकडचं आमचं गाव, रोज येणं-जाणं जमेना म्हणून कंपनीच्या चाळीत एक खोली मिळाली. लग्नानंतर यशोदाही तिथेच आली. चाळ मनोऱ्याच्या बरोबर मागे, मध्ये फक्त एक भिंत. पहिली शिफ्ट दुपारी तीनला सुटायची. प्रेस शॉपच्या आत घंटा ऐकू येणं शक्यच नव्हतं, तिथे शेजारचा माणूस कानात ओरडला तरी कळत नसे. पण मी मुद्दाम दोन मिनिटं आधी हात धुऊन अंगणात येऊन उभा राहायचो. तीन ठोके पडायचे. जड, मऊ, आणि प्रत्येक ठोक्यानंतर लांबवर जाणारी एक गुणगुण. तिसऱ्या ठोक्याची गुणगुण विरायच्या आत मी गेट ओलांडून चाळीच्या कोपऱ्यावर पोहोचायचो आणि यशोदेने चहाचं आधण ठेवलेलं असायचं. बस, एवढंच. यापेक्षा मोठं सुख मला पुढे आयुष्यात मिळालं नाही, आणि ते सुख आहे हे तेव्हा कळलं नाही.

नव्व्याण्णव साली कंपनीला टाळं लागलं. चाळ गेली. आम्ही तळवड्याला दोन गुंठ्यांत घर बांधलं आणि मला चाकणला दुसऱ्या कंपनीत, पुन्हा प्रेसवरच, काम मिळालं. तिथे ना भोंगा ना घंटा. कार्ड दाखवायचं, आत जायचं, कार्ड दाखवायचं, बाहेर यायचं. जुन्या कंपनीच्या जागेवर बिल्डर आला. सात इमारती उठल्या. मनोरा तेवढा काही भल्या माणसांनी धावपळ करून वाचवला, पण घड्याळ अकराला वीस कमी असताना जे थांबलं ते सव्वीस वर्षं तसंच. पीएमपीच्या बसमधून जाताना मी ते दर वेळी बघायचो. रागच यायचा मला त्या घड्याळाचा.

आणि कान कसे गेले, तेही सांगतो. ते गेले नाहीत, मी घालवले. चाकणच्या कंपनीत वर्षातून एकदा कान तपासणारी गाडी यायची. आत काचेची खोली, डोक्याला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे मशीनवर एक बाई बसायची. ती आवाज सोडायची तेव्हा तिचा उजवा खांदा किंचित हलायचा. हे पहिल्या माणसाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि अख्खं प्रेस शॉप खांदा बघून बटण दाबू लागलं. ज्याचे कान खराब निघतील त्याला पॅकिंगला टाकत. ओव्हरटाइम जायचा तो जायचाच, पण पॅकिंगला जाणं म्हणजे आमच्यात बांगड्या भरल्यासारखं होतं. कानात घालायला बोळे मिळायचे, ते खिशात असायचे. मी रिटायर झालो तेव्हा माझ्या कागदावर श्रवणशक्ती उत्तम असं लिहिलेलं होतं. तो कागद कपाटात जपून ठेवलाय. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

आधी कुकरची शिट्टी गेली. मग दारावरची बेल, मग पाखरं, मग पोराबाळांचे आवाज. एकेक जात होतं तसं मी मनाशी म्हणायचो, जाऊ दे, याच्यावाचून काय अडतंय. पण घंटा पुन्हा वाजणार म्हटल्यावर मात्र मला राहवेना. किरकोळ आवाज माझ्यापर्यंत पोहोचत नसतील. पण ती अडीच-तीन मणांची घंटा आहे, ती पोहोचेल. मला ती एकदा ऐकायची होती. एकदाच. त्यानंतर उरलेलं सगळं गेलं तरी माझी तक्रार नव्हती.

दोन दिवसांनी एक तरुण आमच्या घरी आला. प्रज्वल नाव त्याचं, घड्याळ दुरुस्तीचं काम त्याच्याकडे होतं. मुलगा गोड होता, पण दाढी अशी की ओठ शोधावे लागत होते. तो बोलायचा आणि यशोदा माझ्याकडे वळून तेच पुन्हा सांगायची, जणू मला त्याची शुद्ध भाषा कळत नव्हती. बोलण्याचा सारांश असा: घंटा साफ केली आहे, हातोड्याला मोटर बसवली आहे. पुढच्या महिन्यात मोठा समारंभ आहे. त्याआधी येत्या रविवारी पाच वाजता चाचणी घ्यायची, आणि जुन्या कामगारांनी ऐकून सांगायचं, आवाज तोच आहे का.

"तुमी व्हय म्हणलात की तोच आवाज कायमचा ठेवणार, असं म्हणतोय त्यो," यशोदा म्हणाली.

"येतो की," मी म्हणालो. माझी छाती दोन इंच फुगली असेल. सदतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी कशावर मत विचारलं नव्हतं.

रविवारी मी पँट-शर्ट घातला, ज्ञानेशचा चामड्याचा पट्टा लावला आणि आम्ही दोघं तळवड्याहून बसने निघालो. मनोऱ्यासमोर हिरवळ केली होती, तिच्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. सोसायटीची पन्नासएक माणसं जमली होती. जुन्यांपैकी आम्ही पाच: मी, भिमाजी, शेखर आणि आणखी दोघं, सगळे प्रेस शॉपचे. ऑफिसातली माणसं पोरांच्या मागे पुण्याला, परदेशात गेली. चिंचवडच्या आसपास उरलो ते आम्ही. सव्वीस वर्षांनी भेटलो म्हणून गळ्यात पडलो, खूप बोललो. मी भिमाजीला गुडघ्यांचं विचारलं, त्याने मला नातवाच्या लग्नाचं सांगितलं. म्हातारा झाला बिचारा, असं मला वाटलं.

आम्हा पाच जणांना पहिल्या रांगेत बसवलं. बायका मागे. सोसायटीच्या चेअरमनने भाषण केलं, त्यांची मिशी दाट असल्यामुळे ते मी सोडून दिलं. चाचणीला तीनच ठोके द्यायचे होते. मग प्रज्वलने मोबाइल कानाला लावून वरच्या माणसाला खूण केली.

मनोऱ्यावरची कबुतरं एकदम उडाली. म्हणजे पहिला ठोका पडला होता. मी सगळा जीव कानांत आणून बसलो होतो आणि मला काय मिळालं, तर भरल्या पोत्यावर कोणी थाप मारावी तसं काहीतरी. लांबून. मी म्हटलं, आता दुसरा. दुसरीही थापच. तिसऱ्याला मी डोळे मिटून घेतले, आणि डोळे मिटले तर ती थापही नीट कळली नाही. गुणगुण नाही, शेपूट नाही, काही नाही. माझ्या डोक्यात घंटेचा जो आवाज होता, तोही त्या क्षणी मला आठवेना. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

"काका?" प्रज्वल समोर उभा होता. "हाच ना?"

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. मी भिमाजीकडे बघितलं. भिमाजी शेखरकडे बघत होता. शेखर माझ्याकडे.

"हाच," मी म्हणालो.

"हाच, हाच," भिमाजीने मान डोलावली. शेखरने डोलावली. उरलेल्या दोघांनीही डोलावली. माणसं टाळ्या वाजवू लागली, चेअरमन माझा हात हातात घेऊन हलवू लागले.

मग टाळ्या वाजवणारे हात थांबले आणि सगळ्यांच्या माना मागे वळल्या, म्हणून मीही वळलो. शेवटच्या रांगेत यशोदा उभी होती. लांब होती, पण तिचे ओठ मला अंधारातही वाचता येतात.

"न्हाई," ती म्हणत होती. "ह्यो त्यो आवाज न्हाई."

चेअरमन हसले. ते काहीतरी म्हणाले, त्यात "काका स्वतः कंपनीत होते" एवढं मला मिशीखालून दिसलं. यशोदेने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिने चार माणसांत माझा शब्द कधी खोडला नव्हता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की बायामाणसं कुठे कंपनीत होती, तिला काय ठाऊक. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं की विषय मिटला असता. माझी अब्रू राहिली असती आणि तिथे कायमची भलतीच घंटा वाजत राहिली असती. मला ऐकू येवो न येवो, घंटा वाजायची तर आमची वाजायला पाहिजे होती.

"तिला विचारा," मी म्हणालो. "मी थापा मारतोय. मला ऐकू येत नाही. कितीतरी वर्षं झाली, काहीच ऐकू येत नाही."

माझा आवाज मोठा लागला की बारीक, मला माहीत नाही. मग शेखर माझ्याकडे वळला, आपल्या कानाकडे बोट दाखवून मान हलवली आणि म्हणाला, "मलाबी न्हाई." उरलेल्या दोघांनी खाली बघितलं. भिमाजी अजून "हाच, हाच" म्हणत होता. शेखरने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा तो थांबला, आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं आणि त्याला ते समजलं. त्याचे डोळे भरून आले. आम्ही पाच पहिलवान, आमच्यात मिळून एक कान धड नव्हता.

प्रज्वल यशोदेकडे गेला आणि तिला पुढे घेऊन आला. ती बोलायला लागली ती त्याच्याशी, पण तोंड माझ्याकडे ठेवून, सावकाश.

"माझा ज्ञानेश दीड महिन्याचा व्हता. घंटा वाजली की पोर दचकून उठायचं आन् तासभर रडायचं. त्या साली चाळीत आमी सात बाळंतिणी. समद्यांची तीच गत. तवा आमी दत्तोबाकडं गेलो, घड्याळाला किल्ली द्यायचा त्यो. म्हणलं, दत्तोबा, ही घंटा न्हाई, ही कुऱ्हाड हाय. कायतरी कर. त्यो म्हणला, सायबानं बघितलं तर माझी नोकरी जाईल. आमी म्हणलो, सायेब कशाला वर चढतोय. मग त्यानं मशीनच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा हातोड्याला गुंडाळला. तवापासनं घंटा मऊ झाली. आत्ता वाजली ती त्याच्या आधीची. कर्कश."

"मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"गड्यांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिशी सायबाला कळलं असतं."

मला ते साल आठवलं. घंटेचा आवाज एकाएकी बदलला होता आणि आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्यावर वाद घातला होता. भिमाजीचं म्हणणं होतं की धातूही लोणच्यासारखा मुरतो. सगळ्यांना ते पटलं होतं. म्हणजे ज्या आवाजासाठी मी इतकी वर्षं झुरलो, तो आवाज माझ्या बायकोने करून घेतला होता, आणि मी रोज तीन वाजता त्याच्याखालून चालत तिच्याचकडे जात होतो.

प्रज्वलचा चेहरा पडला होता. "हातोड्यावर काहीतरी कुजून चिकटलं होतं," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने दाढी हाताने खाली दाबून धरली, मला ओठ दिसावेत म्हणून. "आम्ही ते खरवडून काढलं."

"चामडं पायजे," यशोदा म्हणाली.

चामडं कुठे मिळणार? सोसायटीत सगळ्यांचे पट्टे रेक्झिनचे, बूट कापडी. मी उभा राहिलो आणि कमरेचा पट्टा काढून प्रज्वलच्या हातात दिला. ज्ञानेश बोलणार होता, बोलू दे. प्रज्वल स्वतः वर चढला. यशोदा मान वर करून त्याला सांगत होती, किती पदर गुंडाळायचे, कुठे बांधायचं. एकदा वाजवून बघितलं, तिने नाही म्हणून हात हलवला. आणखी एक वेढा दिला. पुन्हा हात हलवला. मी पँट एका हाताने धरून उभा होतो आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कारण मला दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

मग पुन्हा एकदा वाजली असावी, पण या वेळी तिचा हात वर गेलाच नाही. तिने डोळे मिटले. तोंड जरासं उघडं राहिलं. तिच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ सैल होत गेली आणि चाळीच्या दारात उभी असायची ती बाई मला तिथे दिसली, आधण ठेवून माझी वाट बघणारी. तिच्यापर्यंत ती गुणगुण पोहोचली होती. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो आणि माझ्यापर्यंत काही आलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला, आणि लगेच रडू आलं. या वेळी मी ते आवरलं नाही.

लोक तिच्याभोवती जमले, फोटो काढले. ती सुटून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली तेव्हा मी विचारलं, "तुला माझ्या कानाचं कधी कळलं?"

"आरोही पाळण्यात व्हती तवा," ती म्हणाली. आरोही आमची नात, आता आठ वर्षांची आहे. "पोर रडून रडून लाल झाली व्हती आन् तुमी शेजारी बसून पेपर वाचत व्हता. म्हणलं, हा माणूस बहिरा तरी झालाय न्हाईतर दगड तरी. दगड न्हाई, येवढं मला ठावं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. रोज बोलते."

"कधी?"

"भाकरी थापताना. तुमी मागं पाटावर बसलेले असता तवा. तुमच्याकडं पाठ करून." ती जराशी हसली. "समोर बोलता येत न्हाई, असलं लई काय काय असतं. म्हणलं, बोलून बी व्हतंय आन् तुमाला त्रास बी न्हाई."

मला वाटायचं, वय झालं, एवढ्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याशी बोलायला काही उरत नाही, म्हणून ती गप्प असते. मी त्यात समाधान मानलं होतं. आणि ती रोज, चुलीपुढे बसून, माझ्याशी बोलत होती. आठ वर्षं. एक घंटा ऐकायची राहिली म्हणून मी इथवर आलो होतो.

"काय बोलतेस?"

"आता काय समदं आठवतंय व्हय," ती म्हणाली. तेवढ्यात माना पुन्हा वर झाल्या. सहा वाजले होते. प्रज्वलने आता सगळे ठोके सलग सोडले होते. यशोदाही मनोऱ्याकडे वळली. मला तिचा कान दिसत होता, कुडी दिसत होती आणि गाल. गाल हलत होता. ती बोलत होती.

मी एका हाताने पँट सावरत उठलो आणि तिला वळसा घालून तिच्या समोर जाऊन उभा राहिलो. मला बघून ती गप्प झाली.

"थांबू नको," मी म्हणालो. "बोल."